सगुणाबाईचा पदर

मी एक जुनं भगुनं आहे, मित्रांनो. पितळेचं, दोन कानांचं, बुडाला काळं आणि आतून कल्हईचं. सध्या माझा मुक्काम दवाखान्याच्या मागच्या पडवीत आहे आणि एका तांबड्या कोंबडीनं माझ्यात अंडी घातली आहेत. तुम्ही हसाल. हसा बापडे. पण एक काळ असा होता, की नवीन जालन्यातल्या या दवाखान्यात डॉक्टरसुद्धा माझ्यावाचून चाकू हातात धरत नव्हते. कोंबडीला हे सांगून काही उपयोग नाही, म्हणून तुम्हांला सांगतो.

माझा जन्म जुन्या जालन्यात, एका तांबटाच्या भट्टीपुढं झाला. त्यानं मला तीन दिवस ठोकलं. तेव्हा वाईट वाटलं, पण त्या ठोकण्यानंच अंगात बळ आलं, हे नंतर कळलं. पहिली काही वर्षं मी लग्नाच्या पंगतींत काढली. वरण शिजवलं, आमटी शिजवली, एकदा तर अख्खी बासुंदी आटवली. मग मला विकत घेतलेल्या घरचे काकासाहेब हैदराबादेला जाऊन डॉक्टर होऊन आले आणि स्टेशनच्या रस्त्याला त्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना काढला. त्यांच्या आईनं मला बैलगाडीत चढवलं आणि म्हणाली, "मोठ्या भगुन्याबिगर घर चालत न्हाई, तर दवाखाना कसा चालंल?"

मी खुशीत निघालो. वाटलं, रोग्यांसाठी पेज करायची असेल. आणि पहिल्याच दिवशी माझ्यात काय पडावं? कात्र्या. कात्र्या, चिमटे, चाकू आणि वाकड्या सुया. मीठ नाही, फोडणी नाही, नुसतं पाणी आणि लोखंड. मला तर हसावं की रडावं कळेना. पण डॉक्टर काकासाहेब चुलीपाशी बसून सगळ्यांना समजावत होते, तेव्हा मीही कान देऊन ऐकलं. ते म्हणाले, माणसाचं अंग कापलं की तिथं दार उघडतं. डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू त्या दारातून आत शिरतात आणि जखम पिकते. ते जंतू आपल्या हातावर असतात, कपड्यावर असतात, कात्रीवर असतात. उकळत्या पाण्यात मात्र त्यांचं काही चालत नाही. हे ऐकल्यावर माझी छाती फुगली. त्या दिवसापासून मी असा खदखदायचो, की झाकण नाचायचं.

माझ्याखाली जाळ घालायला सगुणाबाई होती. मूळची धावड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा वारल्यावर जालन्यात भावाकडं आली आणि दवाखान्यात लागली. उंच, काटक आणि कामाला वाघ. स्वच्छतेचं तिला भारी वेड. लुगडं रोज धुतलेलं, अंगण रोज सारवलेलं आणि मला तर ती चिंच लावून असं घासायची, की तिचं तोंड माझ्यात दिसावं. मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या आयुष्यात इतकं प्रेम मला कुणी दिलं नाही.

दोन वर्षं झकास गेली. डॉक्टर कापत, टाके घालत, आणि आठव्या दिवशी माणूस आपल्या पायांनी घरी जाई. मग एका पावसाळ्यात कात्र्यांना गंज चढला. डॉक्टरांनी कात्री उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "सगुणाबाई, गंज बिलकुल चढू द्यायचा नाही. ही हत्यारं हैदराबादेहून आगगाडीनं मागवावी लागतात."

"बराबर हाये, डाक्टरसाब," सगुणाबाई म्हणाली. तिला फार लागलं ते. तिच्या घरी पाहुण्यापुढं ओलं ताट कधी ठेवलं नव्हतं. धुतलेलं भांडं पदरानं पुसून मगच हातात द्यायचं, ही त्यांची रीत. ती रीत आपण इथं कशी विसरलो, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती काय करू लागली, ते ऐका. कात्र्या माझ्यात अर्धा तास उकळायच्या. मग ती त्या चिमट्यानं बाहेर काढायची, तबकात ठेवायची आणि निवल्या की एकेक हातात घेऊन पदरानं पुसायची. दोन्ही पाती पुसायची, मधली खाच पुसायची. लखलखीत करून मांडून ठेवायची.

पदर मळका नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी धुऊन नेसलेल्या लुगड्याच्या पदरानं दुपारपर्यंत काय काय पाहिलेलं असतं! तव्यावरची भाकरी त्यानंच उचललेली, शेजारच्या पोराचं नाक त्यानंच पुसलेलं, कपाळाचा घाम टिपलेला, माश्या हाकललेल्या. मी अर्धा तास जिवाचं पाणी करून जंतू मारायचो आणि सगुणाबाई मायेनं नवे चढवायची. मी सगळं बघत होतो. माझं तोंड एवढं मोठं, पण बोलायची सोय नाही!

आणि डॉक्टरांना कसं दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्या वेळी ते दाराबाहेर उभे राहून कोपरापर्यंत हात घासत असत. साबण, ब्रश, पाणी, पुन्हा साबण. पुरी दहा मिनिटं. आणि पाठ आमच्याकडं.

मग जखमा पिकू लागल्या. पहिला रखमाजी. हा धावड्याचाच शेतकरी, आतडं उतरल्याचं, अंतर्गळाचं दुखणं घेऊन आलेला. चौथ्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला आणि पट्टी सोडली तर आत पू. दोन महिने तो खाटेवर पडून होता. सगुणाबाईनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं, कूस बदलून दिली. त्याच्यामागून एका दुकानदाराची पाठ पिकली, मग एका शिंप्याचा पाय पिकला. तिघंही वाचले, पण तिघांच्याही जिवावर बेतलं होतं.

डॉक्टर हैराण झाले. त्यांनी खोलीला चुना दिला. फरशी औषधानं धुतली. साबण बदलला. अर्ध्या तासाऐवजी तासभर उकळायला लावलं. कंपाउंडर मच्छिंद्र हा हुशार माणूस, पण त्या दिवशी त्याची अक्कल चरायला गेली होती. तो म्हणाला, "साब, मला या भगुन्याचाच शक येऊन राह्यला. लग्नाच्या पंगतीतलं हाये. बुडाला मसाला बसला आसंल." माझ्या बुडाला मसाला! अडीच वर्षं मी पाण्याशिवाय काही चाखलं नव्हतं. तरी मला कल्हईवाल्याकडं नेलं, तापवलं, नवसागरानं घासलं. मी मुकाट्यानं सोसलं. अपमानाचं दुःख नव्हतं एवढं. खरं कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं, याचं दुःख होतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता या कापायच्या खोलीला कुलूप लावतो. लोक बरं व्हायला येतात, आणि मी त्यांना आजारी करतो."

नेमकी त्याच दिवशी राजूरकडून एक बैलगाडी आली. गाडीत आसराबाई होती, तिचा नवरा बिरू बैल हाकत होता. मेंढरं राखणारी माणसं. आसराबाई पंचविशीतली, अंगानं काडी आणि पोट मात्र एवढं मोठं, की तिला उतरवायला दोघं लागले. पण बाईची जीभ काही आजारी नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?" तर म्हणाली, "दीड वरसापासून गावातले लोक मला पोटुशी म्हणून राह्यलेत. इतकं आळशी लेकरू तुमी कुठं पायलं का, डाक्टरसाब?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी पोट तपासलं. आत मोठी गाठ होती. त्यांनी बिरूला बाहेर बोलावलं आणि काही लपवलं नाही. "न कापता ठेवलं तर ही दिवाळी तिला दिसायची नाही. औरंगाबादपर्यंतचे धक्के ती सोसणार नाही. इथं कापलं तर वाचेल. पण माझ्याकडं तीन जखमा पिकल्यात, का ते मला कळत नाही. पाठीवरची जखम पिकली तर माणूस दोन महिने झोपतो. पोटातली पिकली तर उठत नाही."

बिरूनं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं. "मंग तुमीच करा," तो म्हणाला. "तुमी आसं तोंडावर सांगितलं ना, म्हणून तुमीच करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईनं बाभळीचा जाळ असा लावला, की मला घाम फुटला. तिला आसराबाई आवडली होती. तिची जखम पिकू नये म्हणून ती देवाला हात जोडत होती. आणि म्हणूनच, मित्रांनो, त्या दिवशी तिनं कात्र्या एकदा नाही, दोनदा पुसल्या. मी चुलीवर नुसता चरफडत होतो.

आसराबाई चुलीसमोरच्याच टेबलावर निजली होती. डॉक्टर हात वर धरून आत आले. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. मच्छिंद्रनं गुंगीच्या औषधाची बाटली उचलली. आसराबाई घाबरली होती, आणि घाबरली की ती जास्तच बोलायची.

"डाक्टरसाब, निजायच्या आधी एक सांगू का," ती म्हणाली. "ही सगुणाबाई लई नेटाची बाई हाये. तुमी तिकडं हात धुऊन राह्यले व्हते ना, तवा तिनं एक एक कात्री पदरानं पुसली. दोन-दोन डाव पुसली. माझ्या सासूनं जल्मात ताटं आशी पुसली न्हाईत."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. "कशानं पुसली?"

"पदरानं," सगुणाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर समाधान होतं. कुणी कौतुक केलं की कुणाला बरं वाटत नाही? तिनं पदर पुढं करून दाखवला. "धुतलेला हाये, साब. गंज चढू न्हाई म्हणून पुसून राह्यले. तुमी म्हणाल्ते ना, तवापासून रोज."

पदराच्या काठाला हळदीचा एक डाग होता, सकाळच्या स्वयंपाकाचा. डॉक्टर त्या डागाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मच्छिंद्र, ती बाटली खाली ठेवा."

माझा जीव भांड्यात पडला असं मी म्हणणार होतो, पण भांडं तर मीच. तेव्हा एवढंच सांगतो, की आठ महिन्यांनी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

सगुणाबाईच्या मात्र लक्षात येऊ लागलं होतं. "काय चुकलं का माझं?"

डॉक्टर स्टुलावर बसले. ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं, की उकळल्यावर कात्रीला काहीही लागलं, हात असो की पदर, की उकळण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. पदर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण जखमेला तो चालत नाही. मग ते म्हणाले, "चूक माझी आहे, सगुणाबाई. गंज चढू देऊ नका म्हणालो, पण कोरडं कसं करायचं ते सांगितलंच नाही. आठ महिने तुमच्याकडं पाठ करून हात घासतोय. एकदा वळून पाहिलं असतं तर."

"मंग रखमाजी..." सगुणाबाई म्हणाली. ती भिंतीला टेकली. "त्यो शिंपीबी. समदे माझ्याच हातानं." तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मला काढून टाका, डाक्टरसाब. मी आता कशाला हात लावणार न्हाई."

"तुम्ही गेलात तर हे सगळं परत उकळायचं कुणी?" डॉक्टर म्हणाले. "आज इथं तुमच्याइतकं नेटकं काम करणारं दुसरं कुणी नाही. जल्दी करा, जाळ घाला."

टेबलावरून आसराबाईनं विचारलं, "मी पडून राहू का उठू?"

"पडून राहा."

"बरं हाये. दीड वरसानं निवांत भेटलं."

मग जी धांदल उडाली! डॉक्टरांना हैदराबादच्या मास्तरांचं सांगणं आठवलं, की पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला तर लोखंड गंजत नाही. मच्छिंद्र वाण्याकडं धावला आणि पुडी घेऊन आला. ते सोड्याचं पाणी मला कडू लागलं, पण मी तक्रार केली नाही. आयुष्यात एवढा जोर लावून मी कधी उकळलो नव्हतो. सगुणाबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला, केस फडक्यानं बांधले, कोपरापर्यंत हात घासले आणि वरून उकळलेला पांढरा झगा घातला. या खेपेला डॉक्टर आमच्याकडं पाठ करून नाही, तर तोंड करून हात घासत होते.

पाणी ओतून दिलं तेव्हा कात्र्या इतक्या तापल्या होत्या, की त्यांच्यावरचं पाणी आपोआप वाफ होऊन उडालं आणि त्या कोरड्या झाल्या. पुसायची गरजच नव्हती! सगुणाबाई ते पाहत राहिली. मग तिनं उकळलेल्या चिमट्यानं एकेक हत्यार उचलून उकळलेल्या कापडावर मांडलं. कुठं धक्का लागला नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि लाल भोपळ्याएवढी गाठ बाहेर काढली. बिरूला दाखवली तर तो म्हणाला, "हे घेऊन ती मेंढरामागं चालत व्हती?"

मग आठ दिवस वाट पाहायची होती. डॉक्टरांनी मच्छिंद्रला सांगून ठेवलं होतं, ही जखम पिकली तर खोलीचं कुलूप शोधून ठेवा. चौथा दिवस आला. रखमाजीला चौथ्या दिवशी ताप आला होता, म्हणून सगुणाबाई त्या दिवशी दहा वेळा आसराबाईच्या खाटेजवळ जाऊन लांबूनच विचारून आली, "आंग तापलं का गं?" आसराबाई दर वेळी म्हणायची, "न्हाई, भूक लागली."

सहाव्या दिवशी सगुणाबाई सुट्टी काढून धावड्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना तिनं मच्छिंद्रला सांगितलं, "रखमाजीला समदं सांगून आले. म्हणलं, तुझी जखम माझ्या पदरानं पिकली."

"मंग? काय म्हणाला?"

"म्हणला, मला दोन महिने पाणी पाजणारा हातबी तुमचाच व्हता." तिनं चुलीत लाकूड सारलं. "चहा पाजल्याबिगर सोडलं न्हाई त्यानं."

आठवा दिवस उजाडला. टाके काढायची कात्री माझ्यात उकळली आणि मला तसंच, वाफेसकट, खाटेजवळच्या स्टुलावर आणून ठेवलं. म्हणून मी सगळं पाहिलं. बिरू पायथ्याशी उभा होता. सगुणाबाई दारातच थांबली, हात पाठीमागं धरून. डॉक्टरांनी आसराबाईला सांगितलं, बिलकुल हलायचं नाही, हात दोन्ही बाजूंना ठेवायचे. मग पट्टीचा एकेक वेढा सोडला. शेवटच्या वेढ्याला ते थांबले. मीही पहिल्यांदाच उकळायचा थांबलो असेन.

पट्टी निघाली. जखम कोरडी होती. पू नाही, सूज नाही, नुसती एक सरळ रेघ. डॉक्टरांनी वाकून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "छान भरलीय."

बिरूला काही सुचेना. तो एकदा डॉक्टरांच्या, एकदा मच्छिंद्रच्या आणि एकदा चक्क माझ्या पाया पडला. माझ्या! वाफेनं त्याचं नाक भाजलं, पण त्याला भान नव्हतं. आसराबाई मात्र काही बोलत नव्हती. पहिल्यांदाच त्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"सगुणाबाई," शेवटी ती म्हणाली, "इकडं या."

"न्हाई गं माय. मी हितंच बरी."

"या ना. डाक्टरसाबानं हात हालवू नको म्हणलं, आन् डोळ्यातलं पाणी समदं कानात चाललं माझ्या. पदरानं पुसा की."

सगुणाबाईनं डॉक्टरांकडं पाहिलं. ते म्हणाले, "पुसा. तोंड पुसायला माझी मनाई नाही."

तरीही ती आधी बाहेर गेली आणि हात धुऊन आली. मग खाटेच्या डोक्याशी उभी राहून तिनं कमरेचा पदर सोडला आणि आसराबाईचे डोळे पुसले, गाल पुसले, कान पुसले. पुसता पुसता स्वतःच रडू लागली, आणि दोघी मिळून हसूही लागल्या.

मित्रांनो, त्या खोलीला पुढं कधी कुलूप लागलं नाही. म्हणून तुम्हांला माझं एवढंच मागणं आहे. दवाखान्यात आपल्या माणसाला भेटायला गेलात, तर आधी हात धुवा. त्याच्या पट्टीला हात लावू नका, जखमेवर मायेनंसुद्धा काही लावू नका. कुणाला काम सांगितलंत, तर एकदा वळून बघा, ते कसं करतात. एवढं सांभाळलंत, की मग आपल्या माणसाचे डोळे पदरानं खुशाल पुसा.